विझलेल्या भट्टीच्या गावी

थर्सो हे ब्रिटनचे अगदी उत्तरेकडचे रेल्वे स्टेशन. तेथून पश्चिमेला मोटारीने निघावे, तो मेंढ्यांच्या कुरणांपलीकडे, ऐन समुद्रकाठी, एक अवाढव्य पोलादी गोळा दृष्टीस पडतो. हीच डूनरेची अणुभट्टी. १९५९ साली पेटली, १९७७ साली विझली. घरची चूल विझली की राख काढून आपण मोकळे होतो. येथे राखेचेच सारे प्रकरण आहे!

समुद्राखालच्या बोगद्यासाठी खोदलेल्या ६५ मीटर खोल विहिरीत येथल्या मंडळींनी वर्षानुवर्षे किरणोत्सारी कचरा टाकला. १९७७ सालीच तिच्यात स्फोट झाला. संस्था पडली सरकारी. तिला परवान्याचे बंधन आले ते १९९० साली. आम्हा मास्तरांच्या भाषेत, स्वतःचा पेपर स्वतःच तपासण्याचा हा प्रकार. बाहेरच्या निरीक्षकांनी १९९८ मध्ये कसून तपासणी केली, तेव्हा १४३ शिफारशी निघाल्या.

आज परवान्याला ३६ अटी आहेत; त्यांतली पस्तिसावी भट्टी मोडून जागा निर्धोक करण्याविषयीची. अणुनियमन कार्यालयाचे समाधान होईपर्यंत परवानाधारकाची सुटका नाही. जागा पुन्हा वापरण्याजोगी कधी होणार, त्याचे साल २०२० मध्ये सांगण्यात आले: २३३३!

जवळच्या सँडसाइडच्या किनाऱ्यावर गेलो. वाळूच्या कणाएवढे इंधनाचे तुकडे येथे सापडले आहेत, म्हणून वाळू यंत्राने तपासतात. माझ्यापुढे एक आजीबाई कुत्र्याला घेऊन खुशाल चालल्या होत्या. मीही चाललो, पण खाली बसून शिंपले वेचण्याचे काही धाडस झाले नाही.