चिंचणीच्या नांगराला लागलेला मठ

कधी वाणगाव स्टेशनवर उतरून डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला जाण्याचा योग आला, तर तिथल्या शेतांकडे जरा आदराने पाहा. १९५५ साली याच गावात नांगरट करताना एका शेतकऱ्याला तांब्याचे कोरीव पत्रे सापडले. दिनेशचंद्र सरकार या पंडितांनी ते वाचले, तेव्हा कळले की ही तर हजार वर्षांपूर्वीच्या एका मठाची दानपत्रे!

मठ मात्र चिंचणीत नव्हता. तो होता संजाणला. डहाणूहून गाडीने घोलवड आणि उंबरगाव मागे टाकले की संजाण येते. आज ते गुजरातेत आहे, पण तलासरीची शीव ओलांडली की फार लांब नाही.

पहिले दानपत्र शके ८४८ चे, म्हणजे इ. स. ९२६ चे. तेव्हा राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार मधुमती सुगतिप नावाचा अरब अधिकारी पाहत असे. मधुमती म्हणजे महंमद, असे विद्वान मानतात. त्याने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातले. त्यात साळीचा भात, कालवण आणि तूप वाढले जाई. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने तिथे देवीची मठिका बांधली होती. तिच्यासाठी या अधिकाऱ्याने एक गाव आणि थोडी जमीन लावून दिली. खर्चही नेमून दिला: मठाची डागडुजी, दशमी देवीचा नैवेद्य आणि नऊ जणांचे जेवण. देवी हिंदूंची, दाता अरब, आणि खर्च भागणार शेतीच्या उत्पन्नातून!

बांधाचा प्रश्न मठालाही चुकला नाही. शेजारच्या देवळाशी जमिनीबाबत करार करावा लागला, तोही तांब्यावर कोरला आहे. पुढे १०३४ साली चामुंडराजाने मठाला तेलाचा घाणा दिला. त्या तेलावर देवीपुढे दिवा जळायचा आणि अभ्यासकांच्या पायांना तेल चोळले जायचे.

युरोपातही असेच मठ होते. १०९८ साली फ्रान्समध्ये सिस्टर्शियन पंथ निघाला. त्याचे साधू स्वतः शेतात राबत. इंग्लंडमधला त्यांचा फाउंटन्स मठ ११३२ साली स्थापन झाला आणि मेंढ्यांच्या लोकरीवर श्रीमंत झाला. १५३९ साली राजाने तो बंद केला. पण त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत आणि लोक त्या पाहायला जातात. आपल्या मठाची हकिकत मात्र या पत्र्यांनीच सांगितली. ते वितळले असते तर तीही गेली असती.

विस्ताराच्या कामात बांधावर उभे असताना मी अनेकदा ऐकले आहे, "साहेब, भंगारात याचे किती येतील?" तेव्हा मला चिंचणीचा तो शेतकरी आठवतो. तुमच्या नांगराला उद्या काही लागले, तर ते घासू नका, विकू नका. तलाठ्याला सांगा, कलेक्टर कचेरीत कळवा. १८७८ चा निधी कायदाही तेच सांगतो. आपण सातबारा जपून ठेवतो ना? हे पत्रेही त्या काळचे सातबाराच होते.