हुकूम देणाऱ्याला विचारायचे कोणी?

पोलिसांच्या हातात बंदूक देते ते सरकार, आणि सरकारला पैसा मंजूर करून देते ती विधानसभा. हे साधे गणित आपल्या वस्तीत फारसे कोणी मांडत नाही. गोळीबार झाला की आपण मोर्चा काढतो, बंद पाळतो, शोकसभा घेतो. ते करायलाच हवे. पण त्या बंदुकीचा हिशेब सभागृहात वर्षभर कोणी मागतो का, हे आपण पाहत नाही.

११ जुलै १९९७ ची सकाळ आपल्यापैकी कोण विसरेल? घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या चालवल्या आणि दहा जीव गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे पोलिसांकडून सांगण्यात आले. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या आयोगाने ते मानले नाही. गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली ती २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीनही मिळाला.

या प्रश्नाला आमच्या घरात दुसरीही बाजू आहे. आमचा पुतण्या एसआरपीच्या भरतीची तयारी करतो आहे. पहाटे उठून पाच किलोमीटर धावतो, गोळाफेकीचा सराव करतो. घरात कायमचा पगार येईल म्हणून सगळे खूश आहेत. एकदा जेवताना त्याच्या आत्याने विचारले, "बाळा, उद्या तुला एखाद्या वस्तीपुढं उभं केलं आणि साहेब म्हणाला चालव, तर रे?" पोराने घास खाली ठेवला. म्हणाला, "आत्या, ऐकलं नाही तर नोकरी जाईल. ऐकलं तर जन्मभर झोप येणार नाही." आम्ही सगळे गप्प झालो. बंदुकीच्या दोन्ही टोकांना गरिबाचीच लेकरे असतात, हे त्या वेळी आम्हाला नीट उमगले.

म्हणून आम्ही म्हणतो, की सभागृहाची देखरेख वस्तीला वाचवते तशी शिपायालाही वाचवते. ज्या दलावर बाहेरून नजर नसते, तिथे हुकूम तोंडी सुटतो आणि ठपका खालच्यावर येतो. तुकडी कोणी पाठवली, आधी लाठी किंवा अश्रुधूर का वापरला नाही, कमीत कमी बळाचा नियम पाळला का, हे मंत्र्याला सभागृहात उभे राहून सांगावे लागेल अशी खात्री असली, म्हणजे वरचा साहेबही दहादा विचार करतो.

बाबासाहेबांनी ही सोय डोळसपणे केली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी सांगितले, की आपण स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व दिले आहे. सरकारची परीक्षा पाच वर्षांनी मतपेटीत तर होतेच, पण प्रश्न, ठराव, चर्चा यांतून ती रोज झाली पाहिजे, असा त्यांचा विचार होता. घटनेच्या १६४ व्या कलमाने मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे ते याचसाठी.

हत्यारे आहेत. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे. गृहखात्याच्या मागण्या येतात तेव्हा कपात सूचना आहे. महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासणारी लोकलेखा समिती आहे. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याप्रमाणे सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावर काय कारवाई केली त्या निवेदनासह, सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवावा लागतो. मात्र आयोगाच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली सभागृहापुढे आला तो सरकारच्या नकारासह. म्हणजे अहवाल आला की काम संपत नाही. सभागृहातल्या माणसाला मागून रेटा लागतो.

तो रेटा आपण द्यायचा. आमदार जयंतीला हार घालायला येतो, तेव्हा त्याला मंडपासाठी वर्गणी मागण्याबरोबर एवढेही विचारा: साहेब, गेल्या अधिवेशनात पोलीस दलावर तुम्ही किती प्रश्न विचारले? आमच्या वस्तीतल्या लाठीमाराचे काय झाले? अधिवेशनाआधी महिला मंडळाने एका कागदावर चार प्रश्न लिहून द्यावेत, पोच घ्यावी, आणि उत्तर आले की विहारात सर्वांना वाचून दाखवावे. शिकलेल्या मुलींनी हे काम अंगावर घ्यावे.

आमच्या पुतण्याने वर्दी जरूर घालावी. पण त्याला हुकूम देणाऱ्याला जाब विचारणारा कोणीतरी सभागृहात जागा असला पाहिजे. त्याला जागे ठेवणे हे आपले काम आहे.

जयभीम!