पहिलं वाचन

कथा लिहून हातावेगळी झाली की ती आधी कुणाला दाखवायची, हा लेखकापुढचा सगळ्यांत अवघड प्रश्न असतो. घरच्यांना दाखवावी, तर ते कथेत स्वतःला शोधत बसतात. मैत्रीण "छान झालीय गं" म्हणते. ती मनापासून म्हणत असते, पण काय छान झालंय ते तिला सांगता येत नाही. थेट संपादकाकडे पाठवावी, तर दिवाळी अंकाच्या धांदलीत एक तर होकार येतो, नाहीतर काहीच येत नाही. घर आणि संपादक यांच्या मधे कुणीतरी हवं असतं. कोल्हापुरात महिन्यातून एकदा, रविवारी दुपारी आम्ही काहीजण जमतो आणि एकमेकांचं लिखाण ऐकतो. माझ्या कथांचं पहिलं वाचन तिथे होतं. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्या माणसाला लेखक म्हणून टिकायचं असेल, तर त्यानं अशी एक खोली शोधावी, नसेल तर उभी करावी, असं माझं ठाम मत आहे.

ही मधली जागा मराठीत एके काळी संपादक सांभाळत. 'सत्यकथे'त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी पत्रांतून बोलत राहत, एकाच कथेवर पुन्हा पुन्हा काम करवून घेत. त्या शिस्तीचा काच वाटलेलेही बरेच होते. 1969 साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, आणि त्यांचा राग समजून घेण्यासारखा होता. पण 1982 साली 'सत्यकथा' बंद पडल्यावर नव्या लेखकाचं हस्तलिखित इतक्या जवळून वाचणारं माणूस मिळणं कठीण झालं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, त्या परंपरेत आज शेकडो अंक निघतात आणि मराठी कथा मुख्यतः त्यांच्यावरच जगते. मात्र हे अंक काढणारे बहुतेक जण दोन-तीन महिन्यांत जाहिराती, मांडणी, छपाई, टपाल सगळं एकहाती उरकत असतात. कथेतलं चौथं पान का रेंगाळतं, हे सांगायला त्यांना सवड कुठली? ते काम आता आपण लिहिणाऱ्यांनीच एकमेकांसाठी करायला हवं.

लेखकांनी जमून एकमेकांचं ऐकणं मराठीला नवं नाही. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ उभं राहिलं. माधव ज्युलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे ही मंडळी रविवारी चहाच्या निमित्तानं जमत आणि कविता वाचून दाखवत. त्यांच्यात दिवाकरही होते, कवी नसलेले, नाट्यछटा लिहिणारे. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. नाट्यछटेत एकच माणूस बोलत असतो आणि समोरचा काय म्हणाला ते त्याच्या बोलण्यावरूनच कळायचं असतं. अशा लिखाणाची कसोटी कानावर लागते. कवींच्या बैठकीत असा एक कान असणं ही त्या मंडळाची श्रीमंती होती. एकाच तऱ्हेचं लिहिणारे सगळे जमले, की लवकरच सगळ्यांचे कान सारखे होतात.

आमच्याकडे वाचण्याची एक पद्धत आहे. लेखक आपली कथा स्वतः वाचत नाही. दुसरं कुणीतरी वाचतं, तेही आधी नजर न टाकता. कोल्हापूरच्या भागात याची गरज जास्तच आहे. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनानं सभागृहं भरवली, तो आमचा अभिमानाचा वारसा आहे. आमच्यातल्या निम्म्या लोकांना कथा रंगवून सांगता येते. पण रंगवून सांगितलेल्या कथेत आवाज वाक्याचे दोष झाकतो. जिथे वाक्य पडतं, तिथे सांगणारा हात हलवतो, थांबतो, हसतो, आणि ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. छापलेल्या पानावर तो हात नसतो. म्हणून दुसऱ्यानं सपाट आवाजात वाचायचं. तो जिथे अडखळतो, मागे जाऊन वाक्य पुन्हा धरतो, तिथे लेखकानं कागदावर रेघ मारायची. संवाद कुणाचा ते वाचणाऱ्याला कळलं नाही, तर वाचकालाही कळणार नाही. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही, हा दुसरा नियम. "मला खरं तर असं म्हणायचं होतं" हे वाक्य पुस्तकासोबत वाचकाच्या घरी जात नाही.

एका तरुण सभासदाची गुऱ्हाळावरची कथा वाचली गेली, ती दुपार मला कायम आठवते. जाळ घालणाऱ्या माणसानं सांगितलेली कथा होती. काहिलीत उकळणारा रस, वर येणारी मळी, भेंडीचं पाणी घातल्यावर निवळत जाणारा रंग, गुळव्यानं चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहणं, सगळं बारकाईनं आलं होतं. भाषा सुंदर होती. आम्ही शिकलेसवरलेले लोक त्या वर्णनावर खूश झालो आणि तसं बोललोही. आबांची पाळी शेवटी आली. आबा सत्तरीतले, उमेदीची वर्षं गुऱ्हाळावर काढलेले, वाचनालयात रोज येणारे. त्यांनी जरा वेळ घेतला आणि विचारलं, "जाळ घालणारा चुलवाणाच्या तोंडाशी खाली बसतोय. त्याला काहील दिसत न्हाई. मग ह्यो एवढं सगळं बघतोय कुठनं?"

खोली शांत झाली. लेखकानं, नियमाप्रमाणे, फक्त लिहून घेतलं. आबा मग सांगू लागले. खाली बसलेल्या माणसासमोर असतं ते चिपाड आणि आग. रस उकळी धरतो ते त्याला आवाजावरून कळतं. पाक दाट होत गेला की तो आवाज बदलतो, जड होतो. वरून गुळव्याची हाक येते, जाळ वाढव, जाळ तोड, आणि हा त्या हाकेवर हात चालवतो. काहील उतरवून वाफ्यात ओतली की तो वर येतो, तेव्हा गूळ झालेला असतो.

नंतरच्या खर्ड्यात लेखकानं काहिलीचं सगळं वर्णन काढून टाकलं. कथेत उरली धग, आवाज आणि वरची हाक. आपण जे बनवतो ते होताना ज्याला कधी दिसत नाही, अशा माणसाची ती कथा झाली. मालक आणि मजूर यांच्याबद्दल पहिल्या खर्ड्यात दोन लांब परिच्छेद होते, त्यांची आता गरजच उरली नव्हती. आबांनी सांगितली ती गुऱ्हाळातली एक साधी वस्तुस्थिती. तिनं निवेदकाची जागा ठरवली, आणि निवेदकाच्या जागेनं कथेचा विषय ठरवला. कथा लिहिण्याचं शास्त्र मी पुस्तकांतून वाचलं होतं. निवेदक कुठे उभा आहे याचा अर्थ मला त्या दिवशी खरा उमगला. तेव्हापासून कुठलाही परिच्छेद लिहिताना, हा माणूस आत्ता कुठे बसलाय आणि तिथून त्याला काय दिसतं, हे मी आधी ठरवते. दुसऱ्याच्या कथेनं मला दिलेलं हे सगळ्यांत मोठं देणं आहे. आपली कथा ऐकवताना आपण बचावाच्या तयारीत असतो. दुसऱ्याची ऐकताना मन मोकळं असतं, आणि शिकणं तेव्हाच होतं.

मंडळाचा दुसरा उपयोग अगदी व्यवहाराचा आहे, आणि त्याबद्दल संकोच बाळगू नये. मराठी पुस्तकाची आवृत्ती पाचशे ते हजार प्रतींची असते. तीनशे रुपये किमतीच्या पुस्तकाच्या हजारही प्रती विकल्या गेल्या आणि मानधन दहा टक्के ठरलं असेल, तर लेखकाच्या हाती तीस हजार रुपये येतात, तेही प्रती विकल्या जातील तसे, कधी दोन-तीन वर्षांत. ज्याला लेखक म्हणून आयुष्य आखायचंय, त्याला हा हिशेब पहिल्या दिवशी माहीत हवा. तो कुणी शिकवत नाही. करारावर किती प्रतींचा उल्लेख आहे, अनुवादाचे आणि ऑडिओबुकचे हक्क कुणाकडे राहणार, दुसऱ्या आवृत्तीचं काय, विक्रीचा हिशेब वर्षातून एकदा लेखी मिळणार की नाही, हे प्रश्न नवा लेखक लाजेनं विचारत नाही. पुस्तक निघतंय हाच आनंद मोठा असतो. आमच्याकडे करार आणला की दोघं-तिघं तो ओळ न् ओळ वाचतात. लेखकाकडूनच पैसे घेऊन पुस्तक काढणाऱ्यांची गाठ पडली, तर त्याच बैठकीत ते बोललं जातं. एकट्या माणसाला असं विचारण्याचं धैर्य होत नाही. सोबत चार जण असले की तोच माणूस सरळ प्रश्न विचारतो.

मात्र खोलीत कोण आहे याइतकंच खोलीबाहेर कोण राहिलं हेही पाहावं लागतं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं 1878 साली पुण्यात पहिली ग्रंथकार सभा भरली. 1885 च्या सभेचं निमंत्रण महात्मा फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी यायला नकार दिला आणि तो पत्रानं कळवला. जे लोक आम्हाला माणूस म्हणून हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ते पत्र प्रत्येक साहित्यमंडळानं वाचायला हवं. पुढे ज्यांना त्या खोल्यांत जागा नव्हती, त्यांनी आपल्या खोल्या उभारल्या. 1958 साली मुंबईत दलित साहित्य संमेलन भरलं, त्याचं उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केलं. गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श'नं औरंगाबादहून लेखकांची एक पिढी घडवली आणि लेखक-वाचक मेळावे भरवले. आम्ही बैठक संध्याकाळची दुपारी आणली, त्यामागेही हाच विचार होता. रात्री आठला संपणाऱ्या बैठकीला बायका येत नाहीत, आणि मग बायका लिहीतच नाहीत असा समज पक्का होत जातो. वेळ बदलल्यावर खोली भरली. कथांतली स्वयंपाकघरं, दवाखाने आणि बसस्टँड तेव्हापासून जास्त खरे झाले. मनोरमाबाईंसारखी एखादीच बाई बैठकीत असणं आता पुरेसं नाही.

मंडळाचा धोकाही सांगितला पाहिजे. वर्षानुवर्षांच्या सहवासात सगळ्यांची आवड हळूहळू सारखी होते. कुठल्या शेवटाला दाद मिळते ते लेखकाला कळतं आणि नकळत तो तसे शेवट लिहू लागतो. एका टप्प्यावर आमच्याकडच्या बऱ्याच कथा अर्धवट संवादावर संपायला लागल्या होत्या, कारण तशा एका कथेचं फार कौतुक झालं होतं. म्हणून अर्धवट लिखाण बैठकीत न्यायचं नाही, असं मी ठरवलंय. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत तो माझ्या एकटीचा. भालचंद्र नेमाडे मुंबईच्या लघुनियतकालिकांच्या गोतावळ्यातले, पण 1963 साली आलेली 'कोसला' त्यांनी लिहिली ती गावी, सांगवीत. मित्रांशी वर्षानुवर्षं झालेल्या वादांचं बळ त्या कादंबरीत असणारच. पण लिहिताना खोलीत कुणी नसावं लागतं. कादंबरीचं काम चालू असतं तेव्हा मी बैठकीला जाते, दुसऱ्यांचं ऐकते आणि माझ्याबद्दल काही सांगत नाही. कुणी विचारत नाही. ही समज आमच्यात आता रुळली आहे.

नवीन येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्याच भेटीत विचारतात, "प्रकाशकाशी ओळख करून द्याल का?" त्यात गैर काही नाही. आधी काही बैठका नुसतं ऐका, मग वाचा, एवढंच आम्ही सांगतो. काही जण त्यानंतर दिसत नाहीत. जे राहतात ते वर्षभरात दुसऱ्याच्या कथेबद्दल नेमकं बोलू लागतात, आणि तेवढ्यात त्यांचं स्वतःचं लिखाण बदललेलं असतं.

हे मंडळ फक्त लिहिणाऱ्यांपुरतं असावं, अशी सूचना मधे आमच्यापैकी काहींनी केली. जागा लहान, वेळ थोडा, आणि लिहीत नाही त्याला तंत्रातलं काय कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मी कडाडून विरोध केला. आबांनी आजवर एक ओळ लिहिलेली नाही आणि त्यांना लिहायचंही नाही. पण त्यांना गुऱ्हाळ माहीत आहे, ऊसतोड माहीत आहे, बाजार समितीत गुळाचा सौदा कसा निघतो ते माहीत आहे, आणि खोटं वाक्य ऐकलं की ते बसल्या जागी चुळबुळ करतात. सूचना मागे पडली. आता ज्याची कथा असेल तो बैठकीच्या आदल्या दिवशी आबांना फोन करून त्यांच्या येण्याची खात्री करून घेतो.