शेगडी आणि झरोका

मार्गशीर्ष सरून पौष लागला, की नाशिक रोडची थंडी आपले खरे रूप दाखवू लागते. सह्याद्रीच्या पूर्वेस, उंच पठारावर हे गाव वसले आहे. हिवाळ्यात येथील आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली सारी ऊब आकाशात उधळून मोकळी होते. त्यात उत्तरेकडचा वारा सुटला, तर पहाटेच्या गाडीसाठी निघालेल्या माणसाची कानटोपीतही हुडहुडी थांबत नाही. अशा वेळी रेल्वे स्थानकाबाहेर शेकोट्या पेटतात. रिक्षावाले, हमाल, नुकताच गाडीतून उतरलेला एखादा शेतकरी, सारे एकाच जाळाभोवती तळहात पसरून बसतात. तेथे ओळखपाळख लागत नाही.

उघड्यावरची शेकोटी मोठी मनमोकळी असते. तिच्यापाशी बसणाऱ्याचे तोंड भाजते आणि पाठ गारठते, धूर डोळ्यांत जातो. पण तिचे जे काही असते ते उघडउघड असते. शेगडीचे तसे नाही. शेगडी घरात येते, दार लागते, आणि मग विस्तव व माणूस यांना एकाच खोलीतली हवा वाटून घ्यावी लागते.

वाफेच्या इंजिनांच्या काळात रुळांच्या कडेला पडलेले अर्धवट जळालेले कोळसे गोरगरीब वेचून आणीत. घरातील बाई अंगणात शेगडी पेटवी, पंख्याने वारा घाली आणि धूर नाहीसा होऊन निखारे लालबुंद झाले म्हणजे ती आत घेई. धूर गेला म्हणजे भय गेले, असा सर्वांचा समज होता. त्यातून कुडाच्या किंवा कौलारू घराला फटी पुष्कळ असत, म्हणून तो समज बहुधा निभावून जाई. पुढे भिंती पक्क्या झाल्या, खिडक्यांना काचा आल्या आणि फटी बुजल्या. स्वयंपाकघरात गॅस आला, तशी शेगडी तेथून गेली. परंतु पहारेकऱ्याच्या चौकीत, मजुरांच्या पत्र्याच्या खोलीत, मालमोटारीच्या बंद कप्प्यात ती कडाक्याच्या रात्री अजूनही पेटते. बंद न्हाणीघरातला गॅसचा बंब हा तिचाच सुधारलेला भाऊ.

कोळशाला जळताना भरपूर हवा मिळाली, तर त्यापासून कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी पडली, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा दुसराच वायू निर्माण होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांनाही झोंबत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन हा शरीरातला हमाल आहे. प्राणवायूचे ओझे तो अंगभर वाहून नेतो. हा वायू मात्र प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे त्या हमालाच्या पाठीला चिकटतो आणि लवकर खाली उतरत नाही. मग प्राणवायूला जागा कोठून मिळणार? डोके जड होते, चक्कर येते, मळमळते, पायांतले बळ जाते. गाढ झोपलेल्याला तर एवढीही सूचना मिळत नाही. शेगडीशेजारी पाण्याने भरलेले भांडे ठेवले म्हणजे भागते, असे काही जण मानतात. पण हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, तेव्हा त्या भांड्याचा उपयोग शून्य. अशा खोलीत कोणी मलूल झालेला दिसला, तर दारे-खिडक्या उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

बंद खोलीचा सर्वांत घट्ट नमुना पाहावयाचा असेल, तर नावेकडे पाहावे. पाण्याचा थेंबही आत शिरू नये म्हणून तिच्या फळ्यांमधील सांधे मोठ्या कसोशीने बुजविलेले असतात. आणि ज्या सांध्यातून पाणी येत नाही, त्यातून हवाही येत नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर याची अडचण पडत नाही. तेथे समुद्रच रात्रीची थंडी सौम्य करतो आणि मासेमारीच्या होड्या बहुधा उघड्याच असतात. काश्मीरमधील गोष्ट निराळी. श्रीनगरच्या दल सरोवरात देवदाराच्या लाकडाच्या मोठमोठ्या घरनौका आहेत. डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस तेथे थंडीचा कहर असतो. कधी कधी सरोवराचे पाणीही गोठते. त्या दिवसांत काश्मिरी माणूस आपल्या सैल फेरनच्या आत कांगडी बाळगतो. कांगडी म्हणजे विणलेल्या टोपलीत बसविलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. अंगावर वागवावयाची शेगडीच म्हणा ना! घरनौकेची खोली उबविण्याचे काम मात्र बुखारी करते. बुखारी ही पत्र्याची उभी शेगडी. तिचे एक नळकांडे छतातून थेट बाहेर काढलेले असते. पाहुणे बुखारीच्या तापलेल्या पत्र्याचे कौतुक करतात. खरे कौतुक त्या ओबडधोबड नळकांड्याचे करावयास हवे. लाकडी नावेत विस्तव बाळगणे हे तसेही जोखमीचेच. २०२३ च्या नोव्हेंबरात दल सरोवरात आग लागून कित्येक घरनौका जळाल्या आणि तीन प्रवासी प्राणाला मुकले.

हे नळकांडे बुजविले तर काय होते, याची हकीगत चारशे वर्षांपूर्वीच्या काही खलाशांनी सांगून ठेवली आहे. उत्तर ध्रुवाकडील समुद्रातून पूर्वेस चीनकडे आणि हिंदुस्थानच्या बाजूस जाण्याची वाट शोधावी, म्हणून १५९६ च्या मे महिन्यात हॉलंडमधील अ‍ॅम्स्टरडॅमहून दोन जहाजे निघाली. त्यांपैकी एकावर हेम्सकर्क हा कप्तान होता आणि विलेम बारेंट्स हा वाटाड्या. ऑगस्टमध्ये हे जहाज नोवाया झेमल्या या बेटाजवळ बर्फात अडकले. बर्फ जहाजाला चहूकडून दाबू लागला. फळ्या करकरू लागल्या. जहाजात हिवाळा काढणे शक्य नाही, हे ओळखून त्या सतरा जणांनी किनाऱ्यावर घर बांधावयास घेतले. त्या बेटावर झाडे नाहीत. परंतु सायबेरियातल्या नद्यांनी समुद्रात लोटलेली झाडे किनाऱ्याला लागली होती. ती आणि जहाजाच्या फळ्या यांचे घर उभे राहिले. मध्ये चूल, वर धुराडे. घर पुरे होण्याआधीच त्यांचा सुतार मरण पावला. नोव्हेंबरच्या आरंभी सूर्य मावळला तो जानेवारीच्या अखेरपर्यंत उगवलाच नाही. थंडी अशी की घड्याळ गोठून बंद पडले आणि वेळ वाळूच्या यंत्रावर मोजावी लागली. भिंतींना आतून बर्फाचा थर चढला. पाय विस्तवाशी धरले, तर मोजे जळत. पण पायांना ऊब लागत नसे.

७ डिसेंबरच्या रात्री वादळाने कहर केला. जहाजावर दगडी कोळसा होता, तो त्यांनी आणला होता. लाकडापेक्षा याची आच मोठी आणि टिकाऊ. त्यांनी मोठा जाळ केला, आणि ही मिळालेली ऊब निसटू नये म्हणून दारे व धुराडे सारे घट्ट बंद करून घेतले. कित्येक आठवड्यांनी अंगात ऊब भरली होती. निजल्या निजल्या त्यांच्या आनंदाने गप्पा चालल्या. मग एकाएकी डोकी गरगरू लागली. त्यांच्यात एक जण आजारी होता. तो अशक्त, म्हणून त्याला त्रास आधी जाणवला आणि त्याच्यामुळे इतरांच्या ध्यानात आले. जे थोडे धट्टेकट्टे होते, ते कसेबसे उठले. त्यांनी आधी धुराडे उघडले, मग दार. ज्याने दार उघडले, तो तेथेच बर्फात बेशुद्ध होऊन पडला. गेरिट द व्हेर नावाचा खलाशी दाराजवळच निजला होता. तो धावला आणि त्याने शिरका आणून त्याच्या तोंडावर लावला, तेव्हा तो शुद्धीवर आला. उघड्या दारातून गोठविणारा वारा आत घुसला आणि हळूहळू सारे सावरले. इतके दिवस जी थंडी आपली वैरीण होती, तिनेच त्या रात्री आपल्याला वाचविले, अशा अर्थाची नोंद द व्हेरने करून ठेवली आहे.

१५९७ च्या जूनमध्ये ती माणसे दोन उघड्या होड्यांतून परत निघाली. जहाज अजून बर्फातच होते. वाटेत बारेंट्स वारला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस अ‍ॅम्स्टरडॅमला पोहोचले ते बारा जण. द व्हेरचे पुस्तक पुढल्याच वर्षी छापले गेले. त्या घराकडे मात्र पावणेतीनशे वर्षे कोणी फिरकले नाही. १८७१ मध्ये एल्लिंग कार्लसन या नॉर्वेच्या नाविकाला ते सापडले. घड्याळ, भांडी, पुस्तके तेथे तशीच होती. त्यांतील पुष्कळशा वस्तू आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या वस्तुसंग्रहालयात आहेत.