कवळी : दुसऱ्याचे दात आणि आपले शब्द

१/
घनसावंगीचे एक निवृत्त गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे. सारी नोकरी मुलांचे उच्चार सुधारण्यात गेली. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जगणे, या दोन शब्दांतले ‘ज’ वेगळे आहेत, हे त्यांनी कित्येक पिढ्यांना फळ्यासमोर उभे करून शिकवले. पुढे वरचे दात गेले, मग खालचेही. एके दिवशी एसटीत कंडक्टरने तीनदा विचारले तरी त्यांना गावाचे नाव नीट सांगता येईना. ‘घनसावंगी’तल्या ‘स’मधून नुसता वारा जात होता. शेवटी नातवाने तिकीट काढले.

२/
मित्रहो, ही कथा त्यांच्या कवळीची आहे. पण त्या कवळीमागे शतकानुशतकांचा इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

३/
समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. साहजिकच या पंचक्रोशीत दासबोधाचे वाचन ही घरोघरची गोष्ट. गुरुजी रोज सायंकाळी मंदिरात पोथी वाचत. दात गेल्यावर ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून खाण्याची सवय त्यांनी लावून घेतली. हुरड्याकडे आणि उसाच्या कांडीकडे पाहणेही सोडले. त्याची तक्रार कधी केली नाही. मात्र ओव्या ऐकताना पोरे तोंडावर हात धरू लागली, तेव्हा त्यांनी पोथी दुसऱ्याच्या हाती दिली आणि मंदिरात जाणेच बंद केले.

४/
सुनेने कवळीचा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, “दुसऱ्याचे दात मी तोंडात घालायचा नाही.” नातू हसला. “आबा, ते दात कुणाचे नसतात, कारखान्यात होतात.” नातवाचे म्हणणे आजच्या काळापुरते खरे होते. आजोबांची शंका मात्र इतिहासाला धरून होती.

५/
फार मागे जाऊ. जपानमध्ये इसवी सन १५३८ साली वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची पूर्ण लाकडी कवळी सापडली आहे. एकाच लाकडातून कोरलेली आणि टाळूला चिकटून राहील अशी. मूर्ती घडवणाऱ्या हातांनीच अशा कवळ्या कोरल्या असे मानले जाते. युरोपात अशी टाळूला घट्ट बसणारी कवळी यायला पुढे बराच काळ जावा लागला.

६/
अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती ही दंतकथा. खरी कवळी शिसे, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, जनावरांचे दात आणि माणसांचे दात यांची होती. त्यांच्या १७८४ च्या हिशेबात कृष्णवर्णीयांकडून नऊ दात घेतल्याची आणि त्यांचे पैसे दिल्याची नोंद आहे. त्यांच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. तिथे ‘विकत घेतले’ या शब्दांना किती अर्थ असेल?

७/
१८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली. रणांगणावर पडलेल्या तरुण सैनिकांचे दात उपटून नेण्यात आले आणि ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसले. ‘वॉटर्लूचे दात’ हे नाव पुढे अशा दातांना सर्रास दिले जाऊ लागले. मेलेल्या पोरांच्या दातांनी कुणीतरी मांस चावत होते. गुरुजींच्या तोंडून निघालेले वाक्य या काळात कुणी उच्चारले असते, तर त्याला कोणी हसले नसते.

८/
मग रबर आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात गुडइयर घराण्याने कठीण रबर तयार केले. ते साच्यात घडवता येई, हिरडीला नेमके बसे आणि स्वस्त पडे. कवळी प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात येणार, तोच पेटंट आडवे आले. ज्या कंपनीच्या हाती हक्क होते, ती दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करी आणि न देणाऱ्यांना कोर्टात खेची. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने कंपनीचा अधिकारी जोसाया बेकन याला गोळी घालून ठार केले. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली.

९/
१९३० नंतरच्या काळात रबराची जागा ॲक्रिलिकने घेतली. गुलाबी, हलके, हिरडीच्या रंगाशी मिळणारे. आजही बहुतेक कवळ्या त्याच्याच असतात. म्हणजे नातू बरोबर होता. या दातांसाठी कुणाचेही तोंड रिकामे होत नाही.

१०/
आपल्याकडे रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात पहिले दंतमहाविद्यालय काढले. दंतवैद्यांच्या व्यवसायाला नियम लावणारा कायदा आला १९४८ मध्ये. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निजामी राजवट संपून मराठवाडा, आणि त्यासोबत घनसावंगी, भारतात सामील झाले. तोवर खेड्यातल्या माणसाचा दात दुखला की तो उपटून टाकायचा, एवढाच उपाय होता. गेलेला दात परत मिळतो, ही कल्पनाच नव्हती.

११/
गुरुजी अखेर जालन्याला गेले. एका फेरीत काम झाले नाही. आधी हिरड्यांचे माप, मग मेणाच्या पट्ट्यांवर दोन्ही जबडे कसे मिटतात याची खूण, मग मेणात दात बसवून चाचणी, आणि त्यानंतर पक्की कवळी. पहिले काही दिवस तोंडाला लाळ सुटली, हिरडीला घट्टे पडले. वरची कवळी टाळूला धरून राही, खालची जिभेबरोबर हले. डॉक्टरांनी सांगितले होते : घास लहान घ्या, दोन्ही बाजूंनी चावा, रात्री काढून पाण्यात ठेवा, गरम पाण्यात नको. दुखले तर घरी कानशीने घासू नका, इकडे या. आणि रोज मोठ्याने वाचा.

१२/
हा शेवटचा सल्ला गुरुजींनी सर्वांत गंभीरपणे घेतला. सेवाग्रामच्या गांधीजींनाही कवळी होती. ती ते जेवणापुरतीच लावत. गुरुजींचे नेमके उलट. भाकरी ते अजूनही कवळी काढून, कुस्करूनच खात. कवळी लागे ती वाचायला. पहाटे गोठ्याजवळ बसून एकेक ओवी. सुरुवातीला ‘स’ शीळ घाली. दोनदा जालन्याला जाऊन घासून घेतल्यावर शीळ थांबली. परतताना कंडक्टरने विचारले, “कुठं?” गुरुजींनी गावाचे नाव सांगितले. त्याने काही न विचारता तिकीट फाडले.

१३/
दासबोधाच्या तिसऱ्या दशकात माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची वाट सांगितली आहे. मंदिरात परतल्यावर गुरुजींनी वाचायला तोच दशक घेतला. मध्येच खालची कवळी निसटली. समोरची पोरे गप्प झाली. गुरुजींनी पोथीवर बोट ठेवले, कवळी अंगठ्याने दाबून बसवली, आणि तीच ओवी पुन्हा पहिल्यापासून वाचली.