आमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?

गेल्या जुलै महिन्यात आम्ही इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस 'आमचे गाव' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. विषय जुनाच; आमच्या गुरुजींनी आम्हांसही तोच दिला होता. एक्केचाळीस वह्या तपासून झाल्या तेव्हा आमच्या ध्यानी आले की, निम्म्याहून अधिक मुलांनी देवरीविषयी चार ओळी कशाबशा लिहून पुढे महाबळेश्वर, माथेरान किंवा चिखलदरा यांचेच वर्णन केले आहे. एका विद्यार्थ्याने तर स्वच्छ लिहिले होते की, आमच्या गावात पाहण्यासारखे काही नाही. येथे मालमोटारी डिझेल भरण्यासाठी थांबतात व पुढे जातात. अक्षर वळणदार, भाषा शुद्ध, आणि विधान आम्हांस तरी खरेच वाटले. आम्ही त्यास दहापैकी आठ गुण दिले. त्या आठ गुणांविषयी पुढे सांगावयाचे आहे.

परगावच्या वाचकांकरिता थोडे स्थलवर्णन करणे अवश्य आहे. नागपूरहून भंडारा व साकोली ओलांडून पूर्वेस जाणारा जो महामार्ग, पूर्वी ज्यास सहा क्रमांकाचा म्हणत व हल्ली त्रेपन्न क्रमांकाचा म्हणतात, त्यावर छत्तीसगडची हद्द लागण्यापूर्वीचे आमचे हे तालुक्याचे गाव. जिल्हा पूर्वी भंडारा होता, दि. १ मे १९९९ पासून गोंदिया झाला. सभोवती डोंगर आहेत, परंतु ते सह्याद्रीप्रमाणे छाती काढून उभे नाहीत. साग, ऐन, मोह व तेंदू यांच्या दाटीत ते असे दडलेले असतात की, मोटारीतून जाणाऱ्यास डोंगर दिसतच नाही, केवळ झाडी दिसते. या मुलखाचे नावच मुळी झाडीपट्टी. येथे घोड्यावरची रपेट नाही, सूर्यास्त पाहण्यासाठी कठडा बांधलेली जागा नाही. मुंबईहून आलेल्या आमच्या एका आप्तांनी दुसऱ्याच दिवशी विचारले, "मास्तर, येथे पाहावयाचे काय?" तेव्हा आम्ही धुकेश्वरी देवीचे मंदिर, वाघ नदीवरील सिरपूरचे धरण, अशी दोन नावे सांगितली आणि तिसरे न आठवल्यामुळे चहा मागविला.

डिसेंबरात सहलीचा प्रश्न निघाला. काही पालकांचे म्हणणे होते की, मुलांस एकवार चिखलदऱ्यास न्यावे. इच्छा योग्यच होती. परंतु ज्या घरात वर्षाचा सारा हिशेब धानाच्या एका पिकावर चालतो, त्या घरातील मुलाने तीन दिवसांच्या सहलीची वर्गणी कोठून आणावी? चौदा मुलांनी नावे दिली नाहीत. कारण कोणीच सांगितले नाही, आणि विचारण्याची आवश्यकताही नव्हती. अखेर दूरची सहल रद्द करून जवळच्या दोन एकदिवसीय सहली ठरविल्या. मुले खट्टू झाली. खरे सांगावयाचे तर आम्हीही झालो. चिखलदरा आम्हीही पाहिलेले नाही.

पहिली सहल नवेगावबांधची. तो तलाव आधुनिक यंत्रांनी बांधलेला नाही; कोलू पाटील नावाच्या कोहळी गृहस्थाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी डोंगरांमधील जागा हेरून तो बांधला, असे परंपरा सांगते. भोवतालच्या डोंगरांस लोक सात बहिणी म्हणतात. कोहळी समाजाने पाणी अडविण्याची विद्या या प्रांतात इतकी वाढविली की, झाडीपट्टीतील गावोगावचे तलाव आजही त्याची साक्ष देतात. १९७५ साली येथील अरण्य राष्ट्रीय उद्यान झाले, व २०१३ सालच्या डिसेंबरात नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्पात आले. मुलांनी वाघ पाहण्याची आशा धरली होती. ती फळास आली नाही. परंतु उत्तरेकडून हिवाळ्यास आलेली बदके पाण्यावर तरंगताना त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली. मारुती चितमपल्ली हे वनाधिकारी मूळचे सोलापूरचे, त्यांनी येथे राहून 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक लिहिले, असे आम्ही सांगताच एका मुलीने विचारले, "सर, मग आपल्याकडच्या कोणी का नाही लिहिले?" आम्ही घड्याळाकडे पाहिले व शिधा सोडण्यास सांगितले.

दुसरी सहल जानेवारीत, दरेकशाची. देवरीहून आमगावमार्गे सालेकशास जावे, तेथून पुढे अरण्य दाट होत जाते. हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथेच डोंगर फोडून बोगद्यातून पार होतो. प्रथम हाजरा धबधबा पाहिला. जानेवारीमुळे धार बारीक होती. हा धबधबा पाहावयाचा तर श्रावण-भाद्रपदात जावे, आणि मुलांस कड्याजवळ मुळीच सोडू नये. तेथून कचारगडास गेलो.

वाट चढणीची आहे. प्रथम बडबड करणारी मुले अर्ध्या वाटेवर गप्प होतात, हा सर्व चढणींचा गुण. गुहेचे मुख एकदम समोर येते आणि ते इतके विशाल आहे की, आमचा सगळा वर्ग आत शिरला तरी ती रिकामीच वाटली. वर एका ठिकाणी छत फुटलेले असून तेथून प्रकाशाचा झोत खाली उतरतो. ही आशिया खंडातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा, असे येथे पुष्कळ जण सांगतात. अशा चढाओढीत आम्हांस रस नाही. आम्ही मुलांस खडकांविषयी दोन शब्द सांगावे म्हणून वळलो, तो आमचा आठ गुणांचा विद्यार्थी गुहेच्या तोंडाशीच थांबलेला दिसला. त्याने चपला काढून बाजूस ठेवल्या होत्या. त्याने वाकून जमिनीस हात लावला व हलकेच म्हटले, "जय सेवा."

तो गोंड आहे हे आम्हांस हजेरीपुस्तकावरून ठाऊक होते. त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. दोन वर्षे तो आमच्या वर्गात होता.

आम्ही विचारले, "तू येथे पूर्वी आला होतास?"

"दर वर्षी येतो, सर. माघ पौर्णिमेला. आजीबरोबर."

"मग निबंधात का नाही लिहिलेस?"

तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे पाहण्यासारखे आहे, असे नाही वाटले, सर. हे आमचे आहे."

मुलांनी त्यास सांगावयाचा आग्रह केला. वर्गात ज्याच्या तोंडून दोन वाक्ये काढणे कठीण, त्याने खडकावर बसून पाऊण तास कथा सांगितली. काली कंकालीची तेहेतीस मुले या गुहेत कोंडली गेली होती व तोंडावर प्रचंड शिळा होती. पारी कुपार लिंगोने त्यांच्या सुटकेचा मार्ग काढला. हिरासुका हा वाद्य वाजविणारा. त्याच्या वाद्याने मुलांच्या अंगी बळ आले, शिळा ढळली, आणि तिच्याखाली हिरासुका स्वतः गेला. जंगो रायताडने त्या मुलांचा सांभाळ केला, व गोंडांची कुळे त्यांपासून झाली. माघ पौर्णिमेस मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा प्रांतांतून लोक याकरिताच येथे येतात. तो मधूनमधून गोंडी शब्द योजीत होता व मग आमच्याकडे पाहून त्याचा मराठी अर्थ सांगत होता. अगदी आम्ही इंग्रजीच्या तासास करतो त्याप्रमाणे. उठताना काही मुलांनी आपणहून चपला हातात घेतल्या.

घरी परतल्यावर आम्हांस आणखी एक गोष्ट आठवली व लाज वाटली. आमचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात झाले. ज्यांच्या नावाने ते चालते, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून येऊन १८४५ साली नागपुरास पोहोचले. शाळा काढणे, खडक व जीवाश्म यांचा शोध घेणे, आणि रानातील लोकांच्या भाषा टिपून घेणे, असा त्यांचा तिहेरी उद्योग होता. १८६३ सालच्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मागे राहिलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोचे दीर्घ गोंडी गीत इंग्रजी अर्थासह आहे. ही सर्व माहिती आम्ही पदवीच्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेकरिता पाठ केली होती व बक्षीसही मिळविले होते. गीत मात्र कधी उघडून पाहिले नव्हते.

आता ते मिळविले आहे. जुने ग्रंथ हल्ली घरबसल्या वाचावयास मिळतात, ही या काळाची मोठी सोय. दर शनिवारी शाळा सुटल्यावर तो विद्यार्थी व आम्ही एकेक पान वाचतो. आम्ही इंग्रजीचा अर्थ सांगतो, तो घरी जाऊन आजीस विचारून येतो. पुष्कळ ठिकाणी पाठ जुळत नाहीत. ग्रंथात महादेव गोंडांस कोंडतो व त्यांतून चौघे निसटून काचीकोपा लोहगडास जातात. आजीच्या कथेत हे चौघे नाहीत. ग्रंथातील समुद्रकाठचा बिंदो पक्षी आजीस मुळीच मान्य नाही. "आजी म्हणते, लिहून घेणाऱ्याने नीट ऐकले नसेल," असे त्याने सांगितले, आणि आम्ही वहीच्या समासात तशी नोंद केली.

पालकांपैकी काहींनी विचारले आहे की, पुढील वर्षी पाहुण्यांस काय दाखवावे. दिवाळीनंतर गावोगावची मंडई व रात्रीची दंडार दाखवावी. झाडीपट्टीचे नाटक पहाटेपर्यंत चालते, म्हणून घोंगडी बरोबर घ्यावी. चैत्राच्या तोंडी पहाटे मोहफुले वेचणाऱ्यांबरोबर रानात जावे. त्या वासाने प्रथम डोके दुखते, मग सवय होते. पावसाळ्यात चिचगडच्या डोंगरांकडे पाहावे, कारण सिरपुरास जे पाणी अडते ती वाघ नदी तिकडूनच येते. कचारगडास जाताना कोणी तेथला माणूस बरोबर असावा, आणि त्यास बोलू द्यावे.

निबंधाच्या वह्या अजून आमच्या कपाटात आहेत. ती वही आम्ही परवा पुन्हा काढली. आठ हा आकडा खोडून काय लिहावे, हे न सुचल्यामुळे ती त्या विद्यार्थ्यासच परत दिली व निबंध नव्याने लिहून आणण्यास सांगितले. तो म्हणाला, "परीक्षेनंतर लिहितो, सर. धानाची मळणीही व्हायची आहे."