क्रियापदांचे सोबती

इंग्रजी क्रियापदापुढें कोणतें शब्दयोगी अव्यय योजावें, ही आम्हां वरळीच्या चाळींतील विद्यार्थ्यांची नित्याची अडचण. 'वेट'ला 'फॉर' हवें, 'लिसन'ला 'टू' हवें. 'मॅरी'ला मात्र 'विथ' खपत नाहीं, मराठींत लग्न कोणाशीं तरी लागत असलें तरी!

इंग्रजी न जाणणाऱ्या माझ्या आईनें एकदां विचारिलें, "आपण वाघाला भितों, मुलावर रागावतों, शेजाऱ्याशीं भांडतों, हें तुला कोणी शिकविलें?" त्या प्रश्नानें माझी दृष्टि पालटली. दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यापूर्वींही लोक ही भाषा अचूक बोलतच होते. ती कानानें आली होती.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, क्रियापद एकटें पाठ करूं नका. सोबत्यासह, सबंध वाक्यांत, मोठ्यानें म्हणा. घरांत इंग्रजी नसलें तरी तयार कान आईबापांनीं दिलेलाच आहे.